औषध सोडून बाटलीत जे उरतं, ते नाकाला चालतं का?

द्राक्षाच्या हंगामात नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव किंवा दिंडोरीकडच्या बागेत फवारणीच्या टाकीपाशी उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. बुरशीनाशक पाण्यात कालवून झालं की टोपणाने मोजून आणखी एक द्रव टाकीत जातो. तो म्हणजे स्टिकर. त्याने बुरशी मरत नाही. थेंब पानावरून ओघळू नये, पसरून चिकटून राहावा, एवढंच त्याचं काम. पण हाच स्टिकर प्रमाणाबाहेर पडला तर कोवळं पान करपतं, हे बागेतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून नवा स्टिकर आणला की आधी चार-सहा झाडांवर मारून बघतात.

नाकात मारायच्या स्प्रेची बाटली म्हणजे अशीच भरलेली टाकी. चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिनचं प्रमाण ०.१ टक्का, ॲलर्जीवरच्या फ्लुटिकासोनचं ०.०५ टक्का. बाकी सगळं पाणी आणि सहघटक. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आणि फार्मसी कॉलेजांत त्यांना एक्सिपियंट म्हणतात. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं बीकेसी. न विरघळणारं औषध पाण्यात नीट भिजावं म्हणून पॉलिसॉर्बेट ८०. ते तळाशी बसू नये म्हणून मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि सोडियम सीएमसी. धातूंचे अंश बांधून ठेवायला ईडीटीए. शिवाय ग्लिसरीन, डेक्स्ट्रोज, मीठ. नव्या स्प्रेंमध्ये आणखी एक गट आला आहे. हे घटक पेशींमधल्या फटी थोड्या वेळापुरत्या सैल करतात आणि एरवी आत न शिरणारे रेणू आत जाऊ देतात. चिटोसान, सायक्लोडेक्स्ट्रिन, डोडेसिल माल्टोसाइड ही त्यातली नावं. मिरगीच्या झटक्यात द्यायचा डायझेपामचा नाकाचा स्प्रे अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झाला, त्यात डोडेसिल माल्टोसाइड आहे.

या सगळ्यांना ‘निष्क्रिय घटक’ म्हणायची जुनी सवय आहे. ती सोडलेली बरी. रोगावर ते काही करत नाहीत हे खरं, पण नाकाच्या अस्तरावर ते नक्की काहीतरी करतात. ते काय आणि किती, हे मानवी पेशींवर तपासता येतं. फक्त ‘किती टक्के पेशी जगल्या’ हा एकच आकडा काढून थांबलं तर फसगत होते. ती कशी होते आणि कशी टाळायची, हे पुढे पायरीपायरीने येईल.

नाकाचं अस्तर नेमकं काय करतं

नाकाची आतली पोकळी दोन्ही बाजू मिळून १५ ते २० मिलिलिटरची, पण बाजूच्या भिंतीवरच्या वळकट्यांमुळे आतला पृष्ठभाग सुमारे १५० चौरस सेंटिमीटर भरतो. पुढचा थोडा भाग सोडला तर बहुतेक पृष्ठभागावर एकमेकींना घट्ट बिलगलेल्या पेशींचं अस्तर असतं. काही पेशी शेंबूड बनवतात. काहींच्या डोक्यावर शेकडो सूक्ष्म केस असतात, त्यांना सिलिया म्हणतात. हे केस सेकंदाला साधारण १० वेळा एकाच दिशेने फटका मारतात आणि धूळ अडकलेला शेंबडाचा थर मिनिटाला काही मिलिमीटर या वेगाने घशाकडे ढकलतात. तळाशी असतात बेसल पेशी. वरची पेशी मेली की तिची जागा यांच्यातून भरली जाते.

म्हणजे तपासायच्या गोष्टी चार झाल्या: पेशी जिवंत आहे का, शेजारणीला धरून आहे का, सिलिया हलतात का, आणि नुकसान झालंच तर अस्तर स्वतःला सावरतं का. जिवंत राहिलेल्या पेशीचे सिलिया थांबले असतील तर त्या नाकात कफ साचणार आणि संसर्गाला वाव मिळणार. जगण्याच्या आकड्यात हे दिसतच नाही.

कोणत्या पेशी घ्यायच्या

सोपा आणि स्वस्त पर्याय म्हणजे अमर पेशींच्या जाती. आरपीएमआय २६५० ही जात नाकाच्या पडद्याच्या कर्करोगातून आलेली आहे. ती मानवी आहे, नाकाचीच आहे आणि बऱ्यापैकी वाढते. पण तिला सिलिया येत नाहीत आणि तिचा बांध, म्हणजे पेशींची एकमेकींवरची पकड, कच्चा असतो. कॅलू-३ ही फुप्फुसाच्या कर्करोगातली जात. तिचा बांध पक्का आणि ती शेंबूडही बनवते, मात्र ती नाकाची नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचा साठा आहे, तिथे पेशी-जाती मिळतात. गोठवलेली कुपी कोरड्या बर्फात येते. ती हातात पडली की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायची किंवा त्याच दिवशी वितळवून वाढवायला घ्यायची. साध्या डीप फ्रीजरमध्ये ‘उद्या बघू’ म्हणून ठेवलेल्या पेशी दिसायला ठीक असतात, पण वितळल्यावर धड चिकटत नाहीत.

खरं उत्तर देतात त्या माणसाच्या नाकातून थेट घेतलेल्या पेशी. कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेत टर्बिनेटचा, म्हणजे नाकाच्या भिंतीवरच्या वळकटीचा, काढून टाकलेला तुकडा किंवा बारीक ब्रशने खालच्या टर्बिनेटवरून घेतलेला नमुना, दोन्ही चालतात. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती मात्र आधी हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शस्त्रक्रियेतून उरलेल्या ऊतींचाही विचार आहे. ‘नाहीतरी फेकूनच देणार होते’ हे कारण चालत नाही, आणि चालूही नये. संमतीच्या कागदावर एक ओळ सोप्या मराठीत असावी: या पेशींवर औषधातले घटक तपासले जातील, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही.

या पेशी दोन-तीनदा वाढवून पसरवल्या की त्यांचं सिलिया बनवण्याचं कसब उतरणीला लागतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतच काम उरकायचं. शिवाय माणसागणिक फरक मोठा असतो. ॲलर्जी असलेल्याचं अस्तर वेगळं, तंबाखू ओढणाऱ्याचं वेगळं. किमान तीन वेगवेगळ्या दात्यांच्या पेशी आणि प्रत्येकाचे तीन इन्सर्ट (पेशी वाढवायच्या छोट्या वाट्या, पुढे येतील) एवढं हवंच. एकाच दात्याचे नऊ इन्सर्ट म्हणजे एकाच माणसाला नऊदा विचारलेला प्रश्न.

द्रावण बनवतानाच अर्धी चूक होते

बीकेसी बाजारात बहुधा ५० टक्के द्रावण म्हणून मिळतं. सूत्रात ‘बीकेसी ०.०२ टक्के’ लिहिलेलं असेल तर ते शुद्ध पदार्थाचं की त्या ५० टक्के द्रावणाचं, हे आधी विचारायचं. उत्तरात दुपटीचा फरक आहे. शुद्ध ०.०२ टक्के म्हणजे मिलिलिटरमागे २०० मायक्रोग्रॅम.

दुसरा सापळा ऑस्मोलॅलिटीचा, म्हणजे द्रावणात विरघळलेल्या कणांच्या एकूण दाटपणाचा. पेशींना २९० च्या आसपास मिलिऑस्मोल लागतात. सलाईनच्या बाटलीवर ३०८ छापलेलं असतं, ते त्याच जवळपासचं. आता प्रोपिलीन ग्लायकोल ५ टक्के घेतलं तर लिटरमध्ये ५० ग्रॅम. त्याचा रेणुभार ७६, म्हणजे एकट्याचेच सुमारे ६५० मिलिऑस्मोल झाले. अशा द्रावणात पेशी आक्रसल्या तर तो प्रोपिलीन ग्लायकोलचा विषारीपणा, की नुसता पाणी ओढून घेण्याचा परिणाम? हे कळायला तेवढ्याच ऑस्मोलॅलिटीचं मॅनिटॉल किंवा मिठाचं द्रावण बाजूला ठेवावंच लागतं. पीएचचंही तसंच. नाकातला स्राव ५.५ ते ६.५ एवढा आम्लधर्मी असतो, म्हणून त्या पीएचचं बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, एकटं घालून तुलनेसाठी वेगळा कंट्रोल करावा. चिटोसानच्या बाबतीत तर पीएच ६.५ च्या वर गेला की ते साका धरून खाली बसतं. ७.४ च्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या पोषक द्रवात, घातलेल्या चिटोसानने ‘काहीच अपाय केला नाही’ असा निकाल येतो, कारण ते विरघळलेलंच नसतं.

द्रावण कशात करायचं? कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेल्या हँक्स बफरमध्ये. पेशींमधल्या कड्या कॅल्शियमवर टिकून असतात. कॅल्शियम नसलेल्या साध्या पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये अस्तर तासभर ठेवलं तर बांध आपोआप सैल होतो आणि दोष बिचाऱ्या सहघटकाच्या माथी बसतो. सीरम, म्हणजे रक्तातलं पातळ द्रव, घातलेल्या मीडियात उलटी चूक होते. बीकेसी सीरममधल्या प्रथिनांना चिकटतं, मोकळं थोडंच उरतं, आणि ते आहे त्यापेक्षा सौम्य भासतं. पातळ बीकेसी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं तर काही भाग फिल्टरवरच राहतो. म्हणून बफर आधी गाळून घ्यायचं आणि त्यात दाट बीकेसी मिसळायचं. पिपेटने जोरात ढवळू नये, फेस होतो. वेलमधला, म्हणजे प्लेटच्या खळगीतला, एक बुडबुडा प्रकाशाचं वाचन पार बिघडवतो. सीएमसीसारखं चिकट द्रावण साध्या पिपेटमध्ये कमी येतं आणि टिपला चिकटून राहतं. ते पिपेटने उलट्या पद्धतीने घ्यावं, म्हणजे जादा ओढून हवं तेवढंच सोडायचं, नाहीतर सरळ वजन करून.

पहिली चाळणी

९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं पाणी भरायचं. कडेचं द्रव लवकर उडतं आणि तिथले आकडे भरवशाचे नसतात. उन्हाळ्यात नाशिकची कोरडी हवा असताना हे फार जाणवतं. मधल्या ६० वेलमध्ये प्रत्येकी १० ते ३० हजार पेशी घालून ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये एक दिवस चिकटू द्यायच्या. मग मीडिया काढून १०० मायक्रोलिटर चाचणी द्रावण. बीकेसीसाठी ०.१, ०.०३, ०.०१, ०.००३, ०.००१ टक्के अशी उतरंड घेतली की खऱ्या वापराचं प्रमाण मधोमध येतं. संपर्क १५ मिनिटं, १ तास आणि ४ तास. नाकात टाकलेलं औषध सिलिया १५ ते २० मिनिटांत निम्मं वाहून नेतात, म्हणून १५ मिनिटांचा आकडा सोडायचा नाही. अनेक ठिकाणी थेट २४ तासांचा संपर्क देतात. नाकात २४ तास काहीच बसून राहत नाही.

वेळ संपली की वरचं द्रव एलडीएचच्या चाचणीसाठी (ती पुढे येईल) जपून ठेवायचं आणि पेशी हळुवार धुवायच्या. जोरात धुतलं तर सैल चिकटलेल्या जिवंत पेशीही निघून जातात आणि आकडा उगाच वाईट येतो. मग मिलिलिटरमागे ०.५ मिलिग्रॅम एमटीटी घालून २ ते ४ तास. जिवंत पेशी या पिवळ्या रसायनाचे जांभळे स्फटिक करते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींवर सुयांचे जांभळे पुंजके दिसतात. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरवर वाचायचं आणि न हाताळलेल्या पेशींशी टक्केवारी काढायची. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३-५ मध्ये ७० टक्क्यांखाली आलं तर पेशींना घातक मानतात. स्प्रेसाठीही तीच रेघ वापरली जाते. पण ही रेघ उपकरणांसाठी आखलेली आहे, हे विसरू नये.

एलडीएच हे पेशीच्या आतलं एन्झाइम. पेशीची भिंत फाटली की ते बाहेर सांडतं. पेशी पूर्ण फोडणारं १ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे शंभर टक्के, नुसतं बफर हे शून्य. या दोन चाचण्या एकमेकींच्या साक्षीदार आहेत, म्हणून दोन्ही लागतात. बीकेसीसारखे साबणवर्गीय घटक आधी भिंत फाडतात, त्यामुळे त्यांचा परिणाम एलडीएचमध्ये लवकर उमटतो. पेशीचं आतलं चयापचय मंदावणारा घटक आधी एमटीटीत दिसतो.

दोन्ही चाचण्या खोटंही बोलू शकतात. ॲस्कॉर्बिक ॲसिडसारखे घटक पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात. म्हणून प्रत्येक सहघटकासोबत बिनपेशींचा एक वेल लावायचा. एलडीएचच्या बाबतीत फोडलेल्या पेशींचं द्रव घेऊन त्यात तोच सहघटक मिसळायचा आणि आकडा घसरतो का बघायचं. घसरला, तर तो घटक एन्झाइमलाच दाबतोय किंवा बांधतोय, आणि ‘एलडीएच सांडलं नाही’ हा निकाल रद्द. एवढ्या दोन तपासण्यांना अर्धा दिवस जातो. त्या न केल्याने महिन्याचं काम पाण्यात जातं.

डोस चौरस सेंटिमीटरवर मोजायचा

हा मुद्दा सगळ्यात जास्त वेळा निसटतो, म्हणून आकडे मांडूनच बघू. स्प्रेचा एक फवारा १०० मायक्रोलिटरचा धरला तर ०.०२ टक्क्याने त्यात २० मायक्रोग्रॅम बीकेसी. फवारा मुख्यतः नाकाच्या पुढच्या भागात बसतो. तो १५ चौरस सेंटिमीटरवर पसरला असं धरलं, तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वा ते दीड मायक्रोग्रॅम. आता ९६ वेलच्या प्लेटमधला एक वेल घ्या. तळ सुमारे ०.३२ चौरस सेंटिमीटर आणि वर तेच ०.०२ टक्क्याचं १०० मायक्रोलिटर, म्हणजे तिथेही २० मायक्रोग्रॅम. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरला ६२ मायक्रोग्रॅमच्या वर. टक्केवारी तीच, पण पेशीच्या वाट्याला चाळीस-पन्नास पट. त्यात वर शेंबडाचा थर नाही आणि वाहून नेणारे सिलियाही नाहीत.

त्यामुळे ‘०.०२ टक्के बीकेसीने ९० टक्के पेशी मेल्या’ एवढ्यावरून स्प्रे विषारी म्हणणं घाईचं, आणि ‘प्लेटमध्ये तर सगळंच मरतं’ म्हणून हात झटकणं त्याहून वाईट. पहिल्या चाळणीतून दहा सहघटकांची आपसात क्रमवारी लावता येते, तिचा उपयोग तेवढाच. नाकाला चालेल का, हे पुढच्या पायरीवर ठरतं.

हवेत उघडं अस्तर

या पायरीत पेशी प्लॅस्टिकवर न वाढवता इन्सर्टवर वाढवतात. इन्सर्ट म्हणजे तळाला ०.४ मायक्रॉन छिद्रांची पातळ पारदर्शक चाळणी बसवलेली छोटी वाटी. ती १२ वेलच्या प्लेटमधल्या वेलमध्ये लोंबकळत बसते. चाळणीचं क्षेत्र १.१२ चौरस सेंटिमीटर. कोलॅजनचा हात देऊन दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन लाख पेशी सोडायच्या. वर-खाली दोन्हीकडे मीडिया ठेवून तीन-चार दिवसांत चाळणी झाकली जाते. मग वरचा मीडिया काढून टाकायचा. यापुढे पेशींना अन्न फक्त खालून आणि वरून हवा, जशी नाकात असते तशी. तीन ते चार आठवड्यांत सिलिया फुटतात.

या आठवड्यांत काय बिघडतं? मीडियातलं रेटिनॉइक ॲसिड. ते प्रकाशाने नासतं, आणि ते कमी पडलं की पेशी सिलिया न बनवता त्वचेसारख्या चपट्या होतात. बाटलीला फॉइल गुंडाळायची आणि जुना मीडिया दामटून वापरायचा नाही. पावसाळ्यात बुरशी. इन्क्युबेटरमधल्या पाण्याच्या ट्रेतलं निर्जंतुक पाणी आठवड्याला बदलावं, कारण चार आठवड्यांचं काम एका रात्रीत काळ्या ठिपक्यांनी जातं. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नये, आतली ऊब बराच वेळ टिकते. मायकोप्लाझ्माची तपासणी ठरलेल्या वेळी व्हावी. हा जंतू दिसत नाही, मीडिया गढूळ करत नाही, पण एमटीटीचे आकडे बिघडवतो.

अस्तर तयार झालं की सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतं. सगळा पृष्ठभाग झिळमिळतो, आणि वर साठलेला शेंबूड सिलियांच्या फटक्याने गोल फिरू लागतो, रामकुंडात सोडलेली झेंडूची फुलं भोवऱ्यात सापडून फिरतात तसा. त्या भोवऱ्यात अडकलेले मेलेल्या पेशींचे कण नजरेने मागे लागून मोजता येतात.

बांधाची ताकद विजेच्या विरोधाने मोजतात. हीच टीईईआर, बोलताना ‘टीअर’. चॉपस्टिकसारखे दोन इलेक्ट्रोड, लांब टोक इन्सर्टबाहेर आणि आखूड टोक आत. उदाहरण घेऊ. पेशी नसलेल्या इन्सर्टचं वाचन ११० ओहम, पेशी असलेल्याचं ५१०. फरक ४००, गुणिले १.१२, म्हणजे ४४८ ओहम-चौरस सेंटिमीटर. रिकाम्या इन्सर्टचे ११० वजा न करता आणि क्षेत्राने न गुणता नुसते ५१० लिहिणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. इलेक्ट्रोड तिरपं धरलं किंवा चाळणीला टेकलं की आकडा उडतो. एका इन्सर्टची तीन बाजूंनी तीन वाचनं घ्यावीत.

आणि इथे नाशिकची थंडी मधे येते. जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर उतरतो तेव्हा शहरातल्या प्रयोगशाळाही गारठलेल्या असतात. इन्क्युबेटरमधून ३७ अंशांवरची प्लेट बाहेर काढली आणि लॅमिनारच्या, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाच्या, वाहत्या हवेत ठेवली की ती मिनिटा-मिनिटाला थंड होते. द्रव थंड झालं की विरोध वाढतो. पहिल्या इन्सर्टचा आकडा कमी आणि बाराव्याचा जास्त येतो, पेशींत काहीही फरक नसताना. यावर उपाय दोनच. एक तर प्लेट तापवणारं पॅड वापरायचं, नाहीतर सगळ्या प्लेट २० मिनिटं बाहेर ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या आणि ते तापमान वहीत लिहायचं. प्रत्येक वेळी तीच पद्धत.

आता डोस. वरून ५०० मायक्रोलिटर ओतायचं नाही, २० मायक्रोलिटर पसरायचं. ०.०२ टक्क्याने त्यात ४ मायक्रोग्रॅम, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन मायक्रोग्रॅमच्या थोडं वर. नाकातल्या डोसच्या दुप्पट-तिप्पट, पण त्याच घरातला. स्प्रे दिवसात दोनदा दोन आठवडे मारायचा असेल तर इन्सर्टवरही दिवसात दोनदा, १४ दिवस द्यायचा. एकदा दिलेल्या डोसने धड राहिलेलं अस्तर रोजच्या माऱ्याने दहाव्या दिवशी पातळ झालेलं दिसू शकतं. युरोपात बीकेसी असलेल्या नाकाच्या औषधांच्या माहितीपत्रकात ‘विशेषतः दीर्घ वापरात नाकात जळजळ किंवा सूज येऊ शकते’ असा इशारा असतो, तो याच रोजच्या वापराबद्दल आहे.

बांधाची दुसरी साक्ष सोडियम फ्लुओरेसिनकडून मिळते. हे चमकणारं रंगद्रव्य वरून टाकायचं आणि दर अर्ध्या तासाने खालून थोडं द्रव काढून किती झिरपलं ते मोजायचं. काढलं तेवढंच ताजं बफर परत भरायचं. फ्लुओरेसिनची चमक आम्लात मंदावते, म्हणून पीएच ५.५ चा नमुना थेट न वाचता आधी ७.४ च्या बफरमध्ये पातळ करावा.

सिलियांसाठी वेगवान कॅमेरा लागतो, सेकंदाला शंभराच्या आसपास चित्रं घेणारा. आधी वरचा शेंबूड हलक्या हाताने धुवून अर्धा तास स्थिर होऊ द्यायचं, मग ३७ अंशांवर पाच वेगवेगळ्या जागा टिपायच्या. इथेही थंडी घात करते, कारण गार अस्तराचे सिलिया मुळातच हळू चालतात. कंट्रोल म्हणून नुसतं सलाईन वापरू नये. ते ‘निर्धोक’ वाटतं, पण प्रयोगशाळेत त्याने सिलिया काहीसे मंदावतात, आणि फार खारट पाण्यात तर थांबतात. हँक्स किंवा रिंगर बफर बरं.

तीन आकडे एकत्र वाचायचे

समजा डोस दिल्यावर त्या ४४८ च्या इन्सर्टचं वाचन ५१० वरून २३० ओहमवर आलं. हिशेबाने १३४, म्हणजे मूळच्या ३० टक्के. घाबरायचं का? एकट्या या आकड्यावरून नाही. एलडीएच बफरइतकंच असेल, सिलिया चालू असतील आणि दुसऱ्या दिवशी वाचन ४७० वर परतलं, म्हणजे ४०३ ओहम-चौरस सेंटिमीटर, मूळच्या ९० टक्के, तर या घटकाने कड्या सैल केल्या आणि सोडून दिल्या. चिटोसानकडून नेमकं हेच काम हवं असतं. तोच बांध त्याच ३० टक्क्यांवर आला, पण एलडीएच ट्रायटनच्या निम्म्यावर गेलं आणि चोवीस तासांनीही बांध परतला नाही, तर भिंती फुटल्या आहेत. टीईईआरच्या तक्त्यात पहिल्या दिवशी दोघांची रेघ एकसारखी दिसते. म्हणून दुसऱ्या दिवसाचं वाचन सोडणारा अभ्यास अपुरा मानावा, तो कितीही नीट छापलेला असो.

दाहाची तपासणी करताना आणखी एक मेख आहे. दुखावलेली पेशी आयएल-८ हा संदेशरेणू सोडते, तो खालच्या मीडियात एलायझा या चाचणीने मोजतात. पण सिलिया वाढवायच्या मीडियात बहुधा हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड असतं आणि ते हाच दाह दाबतं. चाचणीच्या आधी दोन दिवस ते काढून टाकावं. औषधच स्टिरॉइड असेल तर पूर्ण स्प्रे तपासून उपयोग नाही, औषध सहघटकाची आगळीक झाकून टाकतं. औषध वगळून बाकी सगळं असलेली बाटली, म्हणजे प्लासिबो, तपासायलाच हवी. आणि सहघटक एकेकटे तपासून भागत नाही. बीकेसीला ईडीटीएची जोड मिळाली की जंतूंवरचा त्याचा जोर वाढतो, कारण ईडीटीए भिंतींमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम ओढून घेतं. पेशींमधल्या कड्याही कॅल्शियमवरच तगलेल्या आहेत.

काम संपल्यावर मीडिया सिंकमध्ये ओतायचा नाही. मानवी पेशींचं द्रव १ ते २ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवून मग टाकायचं. इन्सर्ट आणि टिप २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रंगांच्या पिशव्यांत. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या निर्जंतुकीकरण यंत्रात, ठेवू नये, क्लोरीन वायू सुटतो.

पेशींना जे कळत नाही

भारतात मार्च २०२३ मध्ये नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियमांत दुरुस्ती झाली आणि प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या चाचण्यांना वाट मिळाली. ही फार चांगली गोष्ट आहे. उंदराचं नाक माणसासारखं नसतं. त्याच्या नाकात वासाच्या अस्तराचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण इन्सर्टवरच्या अस्तरात वासाच्या चेतापेशी अजिबात नसतात, आणि नाकाच्या छताशी असलेला तो छोटा पट्टा ही नाकातली सर्वांत नाजूक जागा आहे. १९३७ मध्ये टोरोंटोत पोलिओ टाळण्यासाठी मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारला गेला. पोलिओ टळला नाही, काही मुलांचा वास मात्र कायमचा गेला. तरीही सत्तर वर्षांनी झिंक ग्लुकोनेटची नाकात लावायची सर्दीची औषधं बाजारात होती, आणि वास गेल्याच्या तक्रारींनंतर जून २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला ती वापरू नका असं सांगावं लागलं. स्वित्झर्लंडमध्ये २०००-०१ च्या हिवाळ्यात दिलेल्या नाकातल्या फ्लूच्या लसीत परिणाम वाढवायला ई. कोलाय जंतूचं विष मिसळलेलं होतं. ती घेतलेल्यांपैकी काहींचा चेहरा एका बाजूने लुळा पडला आणि लस मागे घ्यावी लागली. चेहऱ्याची नस कोणत्याच इन्सर्टमध्ये नसते.

म्हणून जो घटक फवाऱ्याने नाकाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचणार आहे, त्याच्यासाठी प्राण्यांवरच्या चाचणीत वासाच्या अस्तराचे छेद वेगळे मागून घ्यावे लागतात. आणि माणसांवरची चाचणी सुरू होते तेव्हा वास ओळखण्याची तपासणी स्प्रे सुरू करण्याआधी एकदा, आणि संपल्यावर पुन्हा एकदा.